सिस्टरच्या खिडकीतला अर्धा कंद

मित्रांनो, मी अ‍ॅमरिलिसचा एक जुना कंद आहे. जुना आणि अर्धा. माझी एक बाजू गोल आहे आणि दुसरी सपाट. सपाट बाजूवरून बोट फिरवलंत तर सुरीच्या दात्यांचे ओरखडे अजून लागतील. लोक मला पहिल्यांदा पाहतात तेव्हा कांदाच समजतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण मी दिसतोच तसा. तपकिरी साल, वर आखूड मान, खाली मुळांची दाढी. पण मला चिरून पातेल्यात टाकू नका. माझ्या अंगात विष आहे. खाणाऱ्याच्या पोटात पीळ पडतो, उलट्या थांबत नाहीत.

मी जन्मलो एका मोठ्या काचघरात, काळ्या कागदाच्या कपट्यासारख्या एका पातळ बीमधून. पहिली तीन-चार वर्षं मला कोणी विचारलं नाही. मी पानं काढायचो, ऊन खायचो आणि जमिनीखाली अंग भरायचो. मग एक दिवस यंत्राचे लोखंडी दात मातीत घुसले आणि आम्ही हजारो कंद उलटेपालटे होऊन वर आलो. माणसांनी आमची पानं कापली, मुळं छाटली आणि आम्हाला क्रेटमध्ये फेकलं. माझ्या शेजारच्याच्या अंगात लोखंडाचा दात रुतला होता. त्याला उचलून कचऱ्यात टाकलं. मला मात्र एका खोक्यात बसवलं. खोक्यावर लालभडक फुलाचं चित्र होतं. ते फूल मी होतो म्हणे. मी तोवर एकही फूल पाहिलं नव्हतं.

ते खोकं एका परिचारिकेला तिच्या निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या मुलींनी भेट दिलं. उभा जन्म तिने भाजलेल्यांच्या वॉर्डात काढला होता. ती राहायची त्या इमारतीत तिला सगळे ‘सिस्टर’च म्हणायचे. मीही तेच म्हणेन. तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला होती आणि खिडकीला रुंद कट्टा होता.

सिस्टरने मला जखमेची पट्टी बदलावी तितक्या काळजीने लावलं. कुंडी घेतली ती माझ्यापेक्षा बोटभरच रुंद, पण जड, म्हणजे मी वरच्या भाराने कलंडू नये. मला मातीत खांद्यापर्यंत पुरलं आणि मान व डोकं बाहेर ठेवलं. पाणी कोमट करून, मनगटावर एक थेंब टाकून बघून, चमच्याने कडेकडेने घातलं. मानेवर एक थेंब पडू दिला नाही. “मानेत पाणी साचलं की सडतोस तू,” ती म्हणाली. ती माझ्याशी बोलायची. इतकी वर्षं रुग्णांशी बोलत काम करायची सवय, ती एका दिवसात कशी सुटणार?

आधी माझ्या मानेतून हिरव्या जिभेचं टोक निघालं. मग दांडा निघाला आणि सरसर वाढत गेला. तो उजेडाकडे वाकायला लागला की सिस्टर कुंडी थोडी फिरवायची. दांड्याच्या टोकाला आलेली कळी फुटली तेव्हा त्यातून चार फुलं चार दिशांना उघडली, माणसाच्या तळव्याएवढी. तळमजल्यावरचे सुतारकाका ती बघायला जिने चढून आले. त्यांचं दुकान इमारतीतच होतं, आणि त्यांच्या मिशीत कायम भुसा असायचा. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “सिस्टर, हे खरं आहे की प्लास्टिकचं?”

“हात लावून बघा.”

त्यांनी हात पँटला पुसला, बोट पुढे केलं, आणि न लावताच मागे घेतलं. “नको. आमचे हात म्हणजे कानस.”

सिस्टरची मुलगी रविवारी यायची. ती शाळेची बस चालवायची आणि तिचा आवाज त्या बसच्या हॉर्नसारखा होता. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून माझ्यासाठीही ती ताईच. ती मला बघून ओरडली, “आई, हा तर लग्नाचा बँडवाला दिसतोय! चार भोंगे!” सिस्टर पोट धरून हसली. मित्रांनो, त्या घरातलं ते हसणं मी सांगून ठेवतो, कारण त्यानंतर बराच काळ तिथे कोणी तसं हसलं नाही.

फुलं गळाली. सिस्टरने दांडा खालून कापला, पण पानं राखली. कारण पानं ऊन खातात तेव्हाच पुढच्या वर्षाचं फूल माझ्या पोटात तयार होतं. त्याच दिवसांत तिचा मुलगा घरी राहायला आला.

त्याला ‘बाळ’ म्हणायचे. हे बाळ दारातून आत येताना मान वाकवत असे, एवढं उंच होतं. तो बेकरीत कामाला होता. पीठ मळून मळून त्याचे दंड दोरखंडासारखे झाले होते. मुकादमाशी कशावरून तरी बाचाबाची झाली, आणि बाळने तापलेला ट्रे त्याच्या छातीवर दाबला. नोकरी गेली. खोलीही बेकरीच्या मालकाचीच होती, तीही गेली. “थोडे दिवस राहतो,” तो म्हणाला. सिस्टरने त्याच्यासाठी आतली खोली रिकामी केली आणि स्वतःचं अंथरूण स्वयंपाकघरात, माझ्या खिडकीखाली आणलं.

पहिला फटका मला आठवतो. सिस्टरने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि माझ्या कुंडीतली वरची माती बदलत होती. बाळ दुपारच्या झोपेतून उठून आला. त्याला चहा हवा होता आणि टेबलावर जागा नव्हती. एवढंच झालं होतं. त्याने उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. रक्ताचे थेंब माझ्या मातीत पडले आणि आत मुरले.

मग तोच खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “आई, मला कळलंच नाही गं. माझं डोकं कसं फिरलं…”

सिस्टर उठली. फ्रीजमधून बर्फ काढून फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या बोटांच्या पेरांवर धरला, कारण ती सुजायला लागली होती. स्वतःच्या ओठाकडे तिने नंतर पाहिलं.

त्यानंतर कारण लागेनासं झालं. सूप गार आहे. सूप गरम आहे. दार जोरात का लावलं. अशी मान खाली घालून का उभी आहेस. तो तिला ढकलायचा, केसांना धरून भिंतीवर आदळायचा, हात पिरगाळायचा. एकदा तिची करंगळी मोडली, तेव्हा तिने स्वतःच आइस्क्रीमची काडी लावून ती बांधली. इतकी सुरेख बांधली की डॉक्टरनेही कौतुक केलं असतं. पण डॉक्टरकडे ती गेली नाही. आणि मार खाताना ती ओरडायची नाही. तोंडातून ब्र काढायची नाही. दात आवळून, नाकाने श्वास घेत उभी राहायची. कारण भिंतीपलीकडे माणसं होती.

ती माणसं बहिरी नव्हती. भांडं आपटलं की शेजारच्या घरातला टीव्ही मोठा व्हायचा. खुर्ची मोडली की आणखी मोठा. मला त्या घरातल्या बातम्या, गाणी, क्रिकेट सगळं पाठ झालं होतं, आणि ते कधी ऐकू येतं हेही पाठ झालं होतं.

बाळने लाथ मारून बाहेरच्या दाराची खालची फळी फोडली, तेव्हा सुतारकाका हत्यारांची पेटी घेऊन आले. फळी बसवली. थोड्याच दिवसांत पुन्हा यावं लागलं. तिसऱ्या वेळी बाळ घरात नव्हता. काकांनी खिळे तोंडात धरले होते, ते काढून तळहातावर घेतले.

“सिस्टर, दार आतून बाहेर फुटलंय.”

“वाऱ्याने आपटलं.”

“वारा बूट घालून आला होता का?” त्यांनी फळीवरचा टाचेचा ठसा दाखवला.

सिस्टर ओट्याकडे वळली. “तुम्ही फळी बसवा, काका,” ती म्हणाली. काकांनी फळी बसवली. जाताना ते म्हणाले, “मी दिवसभर खालीच असतो. कान शाबूत आहेत माझे. फक्त हाक मारा.” तिने मान हलवली. हाक मात्र मारली नाही.

तुम्ही विचाराल, ती गेली का नाही? ताईला सांगितलं का नाही? मी खिडकीत बसून हेच विचारायचो. उत्तर तिनेच एकदा मला पाणी घालताना दिलं. “याचा बाप गेला सोडून, तेव्हा हा चार वर्षांचा. मी दुसऱ्यांची भाजलेली अंगं धुवायला जायची आणि याला बाहेरून कुलूप. ताई शाळेतून येईपर्यंत एकटा. दार बडवून बडवून हात सोलून घ्यायचा.” तिला वाटत होतं की हे आपलं देणं आहे आणि ते आपल्याच अंगावर फेडायचं. मी कंद आहे. मला माणसांच्या हिशेबातलं कळत नाही. पण दार बडवणाऱ्या त्या पोराची कीव करता करता ती त्या सहा फुटी माणसाच्या हाताखाली मरायला निघाली होती, हे मला दिसत होतं.

हवा थंड होऊ लागली तशी माझी विश्रांतीची वेळ आली. आम्हा कंदांना पुन्हा फुलवायचं असेल तर आधी उपाशी ठेवावं लागतं. सिस्टरने माझं पाणी तोडलं. पानं पिवळी पडून वाळली, ती कापली. मग तिने मला भिंतीतल्या मोठ्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवलं. तिथे गारवा, अंधार आणि कोरडेपणा. दोन-अडीच महिने तिथे पडून राहायचं आणि आतल्या आत कळी धरायची. सुखाची झोप असते ती.

मला ती मिळाली नाही. एका दुपारी कपाटाचं दार उघडलं, सिस्टर आत शिरली आणि तिने दार आतून ओढून घेतलं. लटकलेल्या कोटांच्या मागे, माझ्या कुंडीला पाठ टेकून ती अंगाचं मुटकुळं करून बसली. तिचं हृदय एवढं धडधडत होतं की माझी माती थरथरत होती. बाहेर बाळ खोल्यांमधून फिरत होता. “आई? आई, कुठे लपलीस? लपाछपी खेळतेस?” आवाज गोड होता. त्या गोड आवाजाची मला जितकी भीती वाटली तितकी त्या यंत्राच्या दातांची वाटली नव्हती.

दार उघडलं. कोट बाजूला झाले. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला बाहेर ओढलं. ती कपाटाच्या चौकटीला धरून होती, तर त्याने दार तिच्या बोटांवर लावलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. तेव्हाही ती ओरडली नाही. भिंतीपलीकडे गाणं मोठं झालं.

रविवारी ताई आली. सिस्टरच्या हाताला पट्टी, गालावर पिवळट डाग.

“हे काय झालं?”

“जिन्यावरून पडले.”

“गेल्या महिन्यातही जिन्यावरूनच पडली होतीस.”

“वय झालं माझं. पाय अडखळतो.”

ताईने भावाकडे पाहिलं. बाळ पाव कापत होता, शांतपणे, एकसारख्या जाडीचे काप. तो म्हणाला, “मी किती वेळा सांगतो, कठड्याला धरून उतर. ऐकतच नाही.” ताई गप्प बसली. हे मी कपाटाच्या फटीतून पाहिलं आणि ऐकलं. ती त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारती तर, असं मला वाटत राहिलं. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःलाही तेच वाटत राहिलं.

विश्रांती संपली. सिस्टरने मला पुन्हा खिडकीत आणलं, वरची माती खरवडून नवी घातली आणि कोमट पाणी दिलं. दुखऱ्या बोटांत चमचा धरवत नव्हता, म्हणून डाव्या हाताने दिलं. आणि मित्रांनो, त्या कपाटात, त्या सगळ्यानंतरही, मी दोन दांडे घेऊन उठलो. दोन्ही दांड्यांवर फुगलेल्या कळ्या. सिस्टर रोज सकाळी त्यांच्याजवळ तोंड नेऊन बघायची. एक कळी फुटायला आली तेव्हा ती हसली. हळूच, दात न दाखवता. पण हसली.

बाळने ते पाहिलं.

“काय आहे एवढं त्यात?”

“उद्या फुलेल बघ,” ती म्हणाली. चूक एवढीच की तिचा आवाज आनंदी होता.

“मी घरात हिंडतो तर भूत बघितल्यासारखं तोंड करतेस. आणि या कांद्याकडे बघून हसतेस?”

ती लगेच बाजूला झाली. पण आता उशीर झाला होता. त्याने माझे दांडे मुठीत धरले आणि मला कुंडीतून उपटलं. मुळं तटातट तुटली. कुंडी कट्ट्यावरून पडून फुटली. पाव कापायची दातेरी सुरी ओट्यावर होती. त्याने मला फळीवर दाबलं आणि मधोमध करवतल्यासारखं कापलं. माझं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं. एक अर्धा त्याने बचाबचा चिरला, कांदा चिरतात तसा. दांडे कळ्यांसकट मोडून जमिनीवर टाकले आणि पायाने चिरडले. मी, म्हणजे माझा दुसरा अर्धा, फळीवरून घरंगळून ओट्याखाली जाऊन पडलो. तिथून मला पाय दिसत होते. त्याचे बूट, तिची अनवाणी पावलं.

“आता खा,” तो म्हणाला.

“बाळ, ते विष आहे.”

“एवढा आवडतो ना? खा म्हणतो ना!”

त्याने एका हाताने तिची मान धरली आणि तिला ओट्याला दाबलं. तिची पावलं जमिनीवरून उचलली गेली. टाचा हवेत लाथा झाडत होत्या. दुसऱ्या हाताने तो माझे तुकडे तिच्या तोंडात कोंबत होता. ती थुंकत होती, तो पुन्हा कोंबत होता. भिंतीपलीकडे टीव्ही मोठा झाला. तिच्या घशातून घरघर येत होती आणि ती हळूहळू बारीक होत चालली. पावलं लाथा झाडायची थांबली. मला वाटलं, संपलं.

मग बाळ किंचाळला. तिने त्याचं बोट चावलं होतं, हाडापर्यंत. हात सुटला आणि ती खाली कोसळली, माझ्यापासून वीतभर. तिचं तोंड मी जवळून पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग लाल झाला होता. ओठांवर माझे तुकडे आणि दोघांचं रक्त. तिने ते थुंकलं, कोपरांवर सरकत दारापर्यंत गेली, कडी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडली.

“सुतारकाका! वाचवा! मला मारतोय हा!”

मित्रांनो, तो आवाज अख्ख्या इमारतीत वरपासून खालपर्यंत गेला. टीव्ही बंद झाला.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सुतारकाका हातात होती तीच फळी घेऊन धावत आले होते. बाळने सुरी उचलली होती. काका दारात आडवे झाले. सिस्टर त्यांच्या मागे. सुरीचा वार फळीवर बसला आणि दाते लाकडात अडकले. बाळने सुरी सोडली आणि डोक्याने काकांच्या तोंडावर धडक दिली. नाक फुटलं. मग त्याने काकांना उचलून चौकटीवर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ओट्याखालून ऐकला. तरी म्हाताऱ्याने त्याचा सदरा सोडला नाही. लोंबकळत राहिला. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. टीव्ही मोठा करणारा तो गृहस्थ, पोट सुटलेला, पायात घरातल्या चपला, एक क्षण उभा राहिला. मग त्याने डोळे मिटून बाळच्या पायांना मिठी मारली. वरच्या मजल्यावरचे दोघे भाऊ आले. सगळे मिळून बाळला घेऊन खाली पडले. बाळ खालून लाथा मारत होता, चावत होता, आईला शिव्या घालत होता. शेवटी नुसता “आई, आई” म्हणत राहिला. पोलीस येईपर्यंत ते चौघे त्याच्यावर बसून होते.

पोलिसांत एक बाई होत्या, केस बारीक कापलेल्या, थकलेल्या चेहऱ्याच्या. बाळला खाली नेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. सिस्टर जमिनीवरच बसली होती. ताईला कोणीतरी फोन केला होता. ती बस शाळेच्या फाटकात लावून, गणवेशातच धावत आली होती.

“कसं लागलं, मावशी?” पोलीस बाईंनी विचारलं.

“पडले,” सिस्टर म्हणाली. सवयीने. “जिन्यावरून…”

ताईने तोंडावर हात दाबला. पोलीस बाई माझ्या मातीतच सिस्टरसमोर मांडी घालून बसल्या. त्यांनी घाई केली नाही. सिस्टरच्या मानेवर पाच बोटांचे वळ होते, तिकडे बोट दाखवून त्यांनी पुन्हा विचारलं, “मावशी, आणि हे कसं झालं?”

नळ ठिबकत होता.

“माझ्या मुलाने मारलं,” सिस्टर म्हणाली. “तो रोज मारतो मला.” आणि मग ती रडायला लागली. ताईने तिला कवेत घेतलं तेव्हा “बरगडी, बरगडी” असं ती रडता रडता सांगत होती.

दवाखान्यातून परतल्यावर ताईने खोली झाडायला घेतली. खापऱ्या, माती, चिरलेले तुकडे, सगळं एका बादलीत. मीही गेलो. गळ्याला पट्टी बांधलेली सिस्टर खाटेवरून म्हणाली, “थांब. तो मोठा तुकडा दे.”

“आई, आता हे कशाला? बघवत नाही मला ते.”

“तुझं ऐकून मी पेशंट टाकू का? दे इकडे. त्याच्या बुडाला मुळं आहेत.”

मित्रांनो, आम्हा कंदांचा जीव बुडाशी, मुळांच्या चकतीत असतो. ती शाबूत असली तर अर्ध्या कंदालाही आशा असते. सिस्टरने ब्लेडने माझा चेचलेला भाग काढला, जखमेवर कोळशाची पूड लावली, काही दिवस कागदावर सुकवलं आणि ओलसर वाळूत बुडापुरतं टेकवून ठेवलं. सडलो असतो तर नवल नव्हतं. सडलो नाही.

दार नवं बसवायचं होतं. सुतारकाकांचा हात गळ्यात आणि नाक कापसाने बंद, म्हणून काम ताईने केलं आणि काका खुर्चीवर बसून ओरडत राहिले.

“अगं, स्क्रू उलटा फिरवतेस! बस रिव्हर्समध्ये चालवतेस का?”

“काका, नाकात बोलू नका, मला काही कळत नाही.”

सिस्टर खिडकीशी बसून ऐकत होती. बरगडी दुखते म्हणून तिला हसता येत नव्हतं, आणि हसू तर आवरत नव्हतं.

खटला चालला. सिस्टर साक्ष द्यायला उभी राहिली. आदल्या दिवशी ती काही जेवली नाही. बाळला शिक्षा झाली. ती त्याला एकदा भेटून आली. काय बोलणं झालं ते तिने कोणालाच सांगितलं नाही, मलाही नाही.

शिक्षा संपल्यावर तो आला. एका दुपारी दारावर टकटक झाली. सिस्टरने साखळी लावलेली ठेवूनच दार उघडलं. फटीतून मला त्याचा अर्धा चेहरा दिसला. गाल बसले होते.

“आई, मी बदललोय.”

“बदलला असशील.”

“मग आत घे ना.”

“नाही, बाळ. बाहेर राहून बदल.”

“मी कुठे जाऊ?”

“ताईने चौकशी केलीय. वखारीत काम आहे आणि राहायला खोली. रविवारी बागेतल्या बाकावर मी येईन. ताई सोबत असेल. जेवायला घेऊन येईन. पण या दाराच्या आत नाही.”

मग त्याने दारावर एकच बुक्की मारली, पूर्ण ताकदीने. माझी कुंडी कट्ट्यावर हलली. दार हललं नाही. सिस्टर दचकली, मागे सरकली, आणि मग पुढे येऊन तिने दार लावून घेतलं. बाहेर पावलं बराच वेळ उभी होती. शेवटी जिना उतरून गेली.

रविवारी ती डबा घेऊन बागेत गेली. तो आला नाही. पुढच्या रविवारीही गेली. तिसऱ्या की चौथ्या रविवारी डबा रिकामा होऊन घरी आला. “बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून जेवला,” तिने सुतारकाकांना सांगितलं. “बोलला नाही काही.” इतकंच. मित्रांनो, याहून गोड शेवट माझ्याकडे नाही. तिच्या करंगळीला अजून वाक आहे. जोरात दार वाजलं की ती अजून खांदे आक्रसून घेते.

मला पुन्हा अंग धरायला तीन उन्हाळे लागले. यंदा एक दांडा आला आहे, थोडा वाकडा. त्याला सुतारकाकांनी घासून गुळगुळीत केलेल्या काठीचा आधार आहे. कळीत चार नाहीत, दोनच फुलं आहेत.

तुम्ही माझ्यासारखा कंद घरी आणलात तर त्याची मान मातीबाहेर ठेवा. पाणी कोमट आणि बेताचं द्या. फुलं गेल्यावर पानं कापू नका. थंडीत अंधारात निजू द्या. हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. खोक्यावर जे छापलेलं नसतं तेवढं मी सांगतो. भिंतीपलीकडे काही फुटल्याचा आवाज आला तर टीव्ही मोठा करू नका. जा आणि बेल वाजवा. वाटीभर साखर मागा, नाहीतर काहीही मागा, पण दारात उभे राहा. लहान असाल तर घरातल्या मोठ्या माणसाचा हात धरून त्याला त्या दारापर्यंत ओढत न्या. आणि सुजलेल्या तोंडाचं कोणी तुम्हाला म्हणालं की “काही नाही रे, पडले”, तर त्यांच्याजवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.